जिल्ह्यात बायोटेक पार्क हवाय? मग एवढं कराच

सर्वांत आधी नाव ठरवा. 'जिनोम व्हॅली' हे हैदराबादने आपल्या बायोटेक पार्कला घेतलंय. शामीरपेटच्या माळावर दरी नेमकी कुठे, हे तिथे कुणी विचारत नाही, तेव्हा तुमच्या तालुक्याच्या भूगोलाचीही काळजी नको. नाव ठरलं की कमान उभारा, कमानीपाठोपाठ भूमिपूजन. भूमिपूजनाला शास्त्रज्ञांना मात्र बोलावू नका. त्या लोकांना कोनशिलेचं कौतुक नसतं; वीज किती वेळ जाते, एवढंच ते विचारत बसतात. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधल्या पेशींना भारनियमनाचं वेळापत्रक पाळता येत नाही, हा काही महावितरणचा दोष नव्हे.

दुसरं पथ्य म्हणजे इतिहास वाचू नका. पुण्याचा तर मुळीच नको, त्यात सरकारी संस्था फार येतात. मुंबईत परळला 1899 पासून हाफकिनची लसींची प्रयोगशाळा. पुण्यात 1950 साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. त्या काळी पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे औषधासाठी रक्तातलं सीरम काढायला हाफकिनला जात. घोडे आपले, तर सीरमही आपणच का काढू नये, असा विचार करून सायरस पूनावालांनी 1966 साली कारखाना काढला आणि हाफकिनमधलीच अनुभवी माणसं सोबत घेतली. आता सांगा, तुमच्या धोरणाच्या मसुद्यात निवृत्त घोडे कोणत्या कलमाखाली बसवणार? अनुभवी माणसांसाठी तर कलमही नाही. अनुदान फक्त इमारतीला आहे.

हैदराबादची गोष्ट याहून घातक. तिथे आधी आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी आली. तिथली नोकरी सोडून 'डॉ. रेड्डीज'वाल्या अंजी रेड्डींसारखी माणसं स्वतःच्या कंपन्या काढत गेली. मग सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी सरकारी संस्था. शांता बायोटेक्निक्स ही लस कंपनी 1993 साली निघाली, तेव्हा तिचं संशोधन आधी उस्मानिया विद्यापीठाच्या आणि पुढे सीसीएमबीच्या आसऱ्याने चाललं. हेपटायटिस बीची देशी लस बाजारात आली 1997 साली. जिनोम व्हॅलीची घोषणा त्यानंतर, 1999 साली. म्हणजे आधी लस, मग कमान. हा क्रम उघडच चुकलेला आहे. तुम्ही तो दुरुस्त करताय, हे कोनशिलेवर कोरून घ्या.

छोट्या अर्जदारांपासून सावध राहा. 1978 साली बंगळुरूत एका तरुणीने दहा हजार रुपयांच्या भांडवलावर गॅरेजमध्ये बायोकॉन सुरू केली. माल काय, तर पपईच्या चिकातलं एन्झाइम. बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या. असं कुणी तुमच्या दारात आलंच, तर अर्ध्या एकराखाली भूखंड मिळत नाही असं सांगा, एक खिडकी योजनेच्या पहिल्या खिडकीचा पत्ता द्या आणि आजची खिडकी बंद झाल्याचंही जाता जाता कळवा.

माल घेणार कोण, हा प्रश्न कुणीतरी काढेलच. युनिसेफ लस घेताना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जाची मान्यता, मागते. तुमच्याकडे आमदारांचं शिफारसपत्र आहे. ते जोडा.

मनुष्यबळाची चिंताच नको. आपल्याकडे बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी असलेली कॉलेजं भरपूर. पोरं पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राची, आकृती वहीत इतकी सुबक काढतात की यंत्र बघायची गरजच उरत नाही. पुढे ती हिंजवडीला जातील आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांना कोड घालतील. हिंजवडीच्या त्या पार्कच्या अधिकृत नावात इन्फोटेकबरोबर बायोटेकही आहे, हे तिथल्या चौकात तासभर अडकलेल्यांना सांगून पाहा. वेळ तरी जाईल त्यांचा.

बाहेरून मागवलेलं एन्झाइम विमानतळावर कस्टममध्ये अडकून त्याभोवतीचा सुका बर्फ उडून गेला, असल्या तक्रारी येतील. त्यासाठी समिती नेमा. समितीत जिल्हाधिकारी, बाजार समितीचे सभापती, झालंच तर एखादे निवृत्त प्राचार्य. अभ्यासदौरा बोस्टनचा ठेवा, सिंगापूर आता फार झालं.

दहा वर्षांनी भूखंडांवर काय आहे अशी माहिती अधिकारात कुणी विचारणा केलीच, तर बिचकू नका. गोदामं आहेत, असं सरळ लिहा. ऑनलाइन मागवलेल्या चपला, कुकर, मोबाइलची कव्हरं. त्यातल्या एका गोदामात दह्यासाठी शीतगृहही असेल. दह्यात जिवाणू असतात. 'जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील प्रत्यक्ष गुंतवणूक' या रकान्यात ते भरा आणि खाली सही करा.