‘कॉपी आहे’ असं सांगून विकलं तरी गुन्हाच

‘व्यापाऱ्यांनो, घाबरू नका!’ अशा सुरुवातीचा, मोठ्या कंपन्यांच्या नावाचा नकली माल बिनधास्त विका असं सांगणारा मेसेज परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकला. ठाणे स्टेशनजवळ त्याचं चार्जर-कव्हरचं दुकान आहे आणि या मेसेजच्या भरवशावर तो आणखी माल भरायला निघाला होता. असले मेसेज लिहिणाऱ्यांचं काय जातं? अडकतो तो गल्ल्यावर बसलेला पोरगा.

सर्वांत घातक दावा असा : ‘गिऱ्हाइकाला फर्स्ट कॉपी (म्हणजे हुबेहूब नक्कल) सांगून विकलं तर फसवणूक नाही, म्हणून गुन्हा नाही.’ साफ खोटं. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 मधलं कलम 104 वाचा. खोटा ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीचं नाव किंवा चिन्ह, लावलेला माल विकणं, मांडणं, विक्रीसाठी नुसता जवळ ठेवणं, सगळं त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. दुकानदाराला सुटायची वाटही तिथेच दिलीय : योग्य काळजी घेतली होती, संशयाला कारण नव्हतं आणि विचारल्यावर माल कुणाकडून घेतला ते सगळं सांगितलं, किंवा एरवी आपण निर्दोषपणे वागलो, हे सिद्ध करायचं. भाच्याने तर खोक्यांवर मार्करने ‘एफ.सी.’, म्हणजे फर्स्ट कॉपी, लिहून ठेवलंय! आता ‘मला माहीत नव्हतं’ हे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? वर मेसेजचा सल्ला, ‘माल बिलाशिवाय घ्या.’ म्हणजे कुणाकडून घेतला, हेही दाखवता येणार नाही.

‘कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदललं की झालं’ हेही चूक. गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल इतकं साम्य असलं तरी पुरतं.

‘तक्रारीशिवाय पोलीस येत नाहीत’ : बहुतेकदा कंपनीच तक्रार करते, हे खरं. पण गुन्हा दखलपात्र आहे. उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेऊन वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो.

‘घेणाऱ्याला काही होत नाही.’ स्वतःच्या वापरासाठी घेतलं तर या कलमात तो येत नाही, एवढं मान्य. पण चार्जर त्याच्याच उशाशी तापणार आहे ना? मी एक उचलून पाहिला, खेळण्यासारखा हलका. त्यावरचा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या अॅपमध्ये टाकला, तर तो भलत्याच कंपनीचा निघाला.

‘मामा, बिलच नाही, परत कुणाला करू?’ असं आता तो विचारतोय. परत होवो न होवो, नुकसान सोस, पण ती खोकी आजच्या आज काउंटरवरून काढ.