हार्डडिस्क मटारशेजारी ठेवू नका

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला ठाण्यातल्या खारेगावहून मावशीचा फोन आला. "अरे, त्या मेसेजमध्ये बारा तास लिहिलंय, पण मला सकाळी मटार काढायचेत. हार्डडिस्क तोवर फ्रीजरमध्येच राहू दे का?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. कॉम्प्युटर हँग होत होता आणि आतून टकटक येत होती, म्हणून काकांनी कॅबिनेट उघडून डिस्क काढली होती, झिपवाल्या पिशवीत घातली होती आणि मटारशेजारी ठेवून दोन तास झाले होते.

पाठोपाठ मेसेजही आला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आधी दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचताच पुढे गेलो होतो. "हार्डडिस्क बिघडली? दुकानदाराला हजारो रुपये देऊ नका! २० वर्षं अनुभव असलेल्या इंजिनिअरचे ६ रामबाण उपाय." एक, डिस्क बारा तास फ्रीजरमध्ये ठेवा. दोन, तळहाताने बाजूने दोन थापट्या मारा. तीन, चेकडिस्क रात्रभर चालवा, बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले कप्पे) दुरुस्त होतात. चार, कमांड देऊन स्टेटस बघा, 'ओके' आलं तर डिस्क ठणठणीत. पाच, केबल बदला. सहा, लो लेव्हल फॉरमॅट मारा, डिस्क नव्यासारखी होते. शेवटी अर्थातच, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंडाचा हिशोब, सभांची इतिवृत्तं सगळं त्या एका डिस्कवर. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे. शिवाय नातवाच्या मुंजीचे फोटो. बॅकअप? "घ्यायचाच होता."

फ्रीजरचं आधी, कारण डिस्क अजून त्यातच होती.

या उपायाला एके काळी अर्थ होता, हे नाइलाजाने मान्य करतो. जुन्या डिस्कमध्ये कॉम्प्युटर बंद केला की हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, ज्या फिरत्या थाळीवर फाइली साठतात तिच्यावरच थेट टेकायचं. थाळी आरशासारखी गुळगुळीत, वर वंगणाचा पातळ थर. कधी कधी हेड तिथेच चिकटून बसायचं आणि मोटरला थाळी हलवताच यायची नाही. थंडीने धातू किंचित आकसला की एखादे वेळी पकड सुटायची, डिस्क थोडा वेळ चालायची, तेवढ्यात जे मिळेल ते कॉपी करून घ्यायचं. ती डिस्कची जुनी पिढी होती. आताच्या बहुतेक डिस्कमध्ये बंद होताना हेड थाळीच्या बाहेर एका उतारावर जाऊन बसतं. त्यामुळे चिकटण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारात, तर फिरणारं काहीच नसतं, तरी मेसेजमध्ये 'कोणतीही डिस्क' असं लिहिलंय.

आता तोटा. डिस्क हवाबंद असते असा सर्रास समज आहे. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर तसं नसतं. आतली आणि बाहेरची हवा एका दाबाची राहावी म्हणून झाकणावर बारीक भोक असतं आणि आतून गाळणी. बऱ्याच डिस्कवर शेजारीच 'हे भोक झाकू नका' असं इंग्रजीत छापलेलंही असतं. जुलै महिना, खारेगाव, खाडीची हवा, तीन तीन दिवस टॉवेल वाळत नाहीत, आणि अशा हवेत उणे १८ अंशांतून डिस्क बाहेर काढायची. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला दोन मिनिटांत जो घाम फुटतो, तोच इथे फुटणार. चालू डिस्कमध्ये हेड थाळीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. खाली थाळी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतेय. त्या फटीत दवाचा कण म्हणजे घोडबंदर रोडच्या खड्ड्यात भरधाव दुचाकी. बहुतेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ० किंवा ५ अंशांपासून ६० पर्यंत दिलेलं असतं. तिथे फ्रीजर बसत नाही.

"पण पिशवीत घातलीय की," काका म्हणाले. पिशवीत कोंडलेली हवाही खारेगावचीच. आणि केबल लावायला पिशवी उघडावी लागतेच.

मी सांगितलं, डिस्क बाहेर काढा, पिशवी न उघडता कोरड्या जागी ठेवा, मी उद्या संध्याकाळी येईपर्यंत कशालाही जोडू नका.

"म्हणजे बारा तास पूर्ण नाही करायचे?"

"नाही, काका."

"अरे, इंजिनिअरने लिहिलंय."

थापट्यांवर मी शब्द खर्च करत नाही. हेड आणि थाळीमधलं अंतर वर दिलंय.

खरा राग मला तिसऱ्या उपायाचा आहे, कारण तो शहाणा वाटतो. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, चेकडिस्क, पुढे स्लॅश एफ, स्लॅश आर. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी दुरुस्ती चाललीय. काकांना त्यांच्या भाषेत सांगितलं: चेकडिस्क हा विंडोजमधला प्रोग्राम म्हणजे ऑडिटर. कुठली फाइल थाळीवर कुठे आहे याची विंडोजची एक वही असते. तो ती तपासतो आणि जुळत नसेल तिथे जुळवून टाकतो. डिस्क धडधाकट आहे आणि मध्येच लाइट गेल्याने वही बिघडलीय, तर हा माणूस कामाचा. पण डिस्कच जात असेल तर वहीची पानंच नीट वाचता येत नाहीत, मग त्याला नोंदी खोट्या वाटतात आणि तो त्या खोडत सुटतो. 'करप्ट फाइल रेकॉर्ड सेगमेंट डिलीट करत आहे' अशा ओळी स्क्रीनवर धावतात त्या याच. फाइल थाळीवर शाबूत असली तरी तिचं नाव-पत्ता गेला. उरलेसुरले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये बेवारस पडतात. ज्या सेक्टरला तो 'बॅड' ठरवतो तोही बरा होत नाही, फक्त पुन्हा वापरायचा नाही अशी खूण होते.

शिवाय स्लॅश आर म्हणजे डिस्कची एकेक जागा वाचणं. १ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास जातात. आजारी डिस्क प्रत्येक खराब जागी अडते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि रात्र सरते. छातीत कळ येतेय म्हणणाऱ्याला उपवन तलावाला चार फेऱ्या मारायला लावण्यातला हा प्रकार. एवढं करून सकाळी हातात एकही फाइल नाही. तेवढीच दमछाक करायची तर कॉपी करण्यात का नाही करायची?

'ओके'चा मुद्दा. काकांच्या डिस्कलाही विंडोजने 'ओके' दिलं होतं. ते स्टेटस एवढंच बघतं की डिस्क स्वतःहून 'मी आता जाते' म्हणतेय का. इथे माझा आधार एकच आहे, पण भक्कम आहे. २००७ साली गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो या तिघांनी आपल्याच कंपनीतल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार सर्वात बोलक्या 'स्मार्ट' नोंदींपैकी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) एकीतही आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणजे 'ओके' हा निर्वाळा नाहीच. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. त्याच अभ्यासात थंड राहिलेल्या डिस्क जास्त टिकतात असंही दिसलं नाही, प्रमाण उलटंच निघालं. तिथे फ्रीजर नव्हता, त्यामुळे ते मी फार ताणत नाही.

बघायचंच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि ०५, सी५, सी६ या ओळी बघा. बदललेले, लटकलेले (निकाल लागायचा बाकी असलेले) आणि न वाचता येणारे सेक्टर. शून्य नसेल तर आधी कॉपी, मग बाकीच्या गप्पा. तिथले आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले असतात, '१०' दिसलं तर सोळा समजायचं.

पाचवा उपाय, केबल. हा बरोबर आहे, आणि हेच मला जास्त खुपतं, कारण या एका खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बाकीचं पोहोचतं. डिस्कला कॉम्प्युटरशी जोडणारी साटा केबल सैल झाली, टोकं खराब झाली तर धडधाकट डिस्कही मेल्यासारखी वागते. सी७ ओळीतला आकडा वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्यावा. मी स्वतः नौपाड्यात एका मित्राकडे तीन तास विंडोजशी झटापट केली होती. शेवटी केबल बदलली आणि चहा न घेता निघालो.

लो लेव्हल फॉरमॅट घरी होत नाही. ते काम कारखान्यातलं. घरी त्या नावाने जे चालतं ते सगळीकडे शून्य लिहितं. त्याने लटकलेले सेक्टर कधी कधी मार्गी लागतात हे खरं, पण तोवर मुंजीचे फोटो शून्य झालेले असतात.

बुधवारी संध्याकाळी कॅबिनेट उघडली. काका ज्याला डिस्कची टकटक म्हणत होते ती पंख्याच्या पात्याला घासणाऱ्या एका वायरची होती. म्हणजे फ्रीजरवारी पंख्याच्या आजारासाठी झाली. डिस्क मात्र खरंच जात होती, सी५ मध्ये आकडा होता आणि कॉम्प्युटर हँग होत होता तो त्यामुळे. टकटक खरोखर डिस्कची असती तर मी ती चालूच केली नसती. हेड गेलेली डिस्क फिरवत राहिलं की थाळी खरवडली जाते, तिथे धूळमुक्त जागेत डिस्क उघडणाराच लागतो. इथे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने नव्या डिस्कवर नक्कल काढली. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. रात्रभर चाललं.

सोसायटीचा हिशोब पूर्ण आला. मुंजीच्या अकरा फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी झालाय. भिक्षावळीत बटूचा चेहरा आहे, झोळी नाही.

काकांनी तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला होता. चार दिवस झाल्यामुळे सगळ्यांसाठी डिलीट करता येईना. मग त्यांनी त्याच्याच खाली लिहिलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वरील उपाय क्र. १ ते ४ व ६ कोणीही करू नये. केबल बदलण्यास हरकत नाही. – सेक्रेटरी."