‘रोमांनाच सुधारायचं नाही’ हा प्रचार पुराव्यापुढे टिकत नाही

युरोपच्या सहलीला निघणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर मराठी ग्रुपांवर सारखा फिरत असतो. सुरुवात पाकीट सांभाळण्याच्या सूचनेने होते आणि पुढे थेट निकालच दिलेला असतो: ‘हे जिप्सी मूळचे आपल्याकडचेच. युरोपने त्यांना शाळा दिल्या, घरं दिली, अब्जावधी युरो ओतले. पण भटकणं, चोरी आणि मुलं पळवणं त्यांच्या रक्तातच आहे. त्यांनाच सुधारायचं नाही.’ पहिलं वाक्य खरं आहे. ज्यांना जिप्सी म्हणून हिणवलं जातं त्या रोमा समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून गेले. बाकीच्या मजकुरावर मात्र युरोपातल्याच न्यायालयांनी आणि सरकारी कागदांनी पाणी फिरवलं आहे.

शाळेचं आधी बघू, कारण ‘त्यांना शिकायचंच नसतं’ हे भल्याभल्यांना पटतं. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांसाठीच्या ‘विशेष शाळां’त घातलं जायचं. तिथला अभ्यासक्रम इतका तुटपुंजा, की पुढे चांगल्या माध्यमिक शाळेत शिरायची वाटच बंद व्हायची. अशा 18 मुलांनी दाद मागितली. त्या शहरात रोमा मुलाची विशेष शाळेत रवानगी होण्याची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती, ही आकडेवारी त्यांनी मांडली. ‘पालकांनी संमतीच्या सह्या केल्या होत्या,’ असा सरकारचा बचाव होता. सह्या होत्या, पण आधीच भरून ठेवलेल्या फॉर्मवर. दुसरा पर्याय काय, इथून मूल पुढे कुठे जाणार, हे त्या फॉर्मवर नव्हतं. 13 नोव्हेंबर 2007 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभावच असल्याचा निकाल दिला. भेदभाव सहन करण्याची संमती देताच येत नाही, असंही बजावलं.

हंगेरीतल्या ज्योंज्योशपाता गावात तर एकाच शाळेच्या इमारतीत दोन जगं होती. रोमा मुलांचे वर्ग तळमजल्यावर, बाकीच्यांचे वरच्या मजल्यावर. पोहण्याचा तास वरच्यांना, खालच्यांना नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. मे 2020 मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने साठ मुलांना पैशात भरपाई देण्याचा आदेश कायम केला. त्याआधी पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी काय म्हणावं? या लोकांना काम न करता पैसे मिळणार, हे लोकांच्या न्यायबुद्धीला पटत नाही! ज्यांचं शिक्षण सरकारी शाळेने बुडवलं, त्यांच्या भरपाईला देशाचा पंतप्रधान फुकटचा पैसा म्हणतो. रोमाद्वेष म्हणतात तो हाच, आणि तो फक्त गल्लीतल्या टवाळांपुरता नाही. धोरण ठरवणाऱ्यांच्या तोंडी तो आहे.

भटकण्याचं म्हणाल, तर युरोपातले बहुसंख्य रोमा पिढ्यानपिढ्या एका जागी राहतात. वालाचिया आणि मोल्दाव्हिया, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागात, ते शतकानुशतकं मठांचे, सरदारांचे आणि राज्याचे गुलाम होते. त्यांची खरेदी-विक्री व्हायची. ही गुलामी 1855-56 मध्ये संपली. गुलाम कुठला भटकायला! आणि आज त्यांना हलवतं कोण? रोमानियातल्या क्लुज शहराच्या मध्यवस्तीत कोआस्तेई रस्त्यावर 76 कुटुंबं राहत होती. माणसं शहरात कामाला जात, मुलं जवळच्या शाळेत. डिसेंबर 2010 मध्ये, ऐन थंडीत, नगरपालिकेने त्यांना उठवलं आणि बऱ्याच जणांना पाता-रूत इथे, शहराच्या कचरा डेपोशेजारी नेऊन टाकलं. एका कुटुंबाला एक खोली, न्हाणीघर चौघांत एक. काहींना तेवढंही मिळालं नाही. नंतर हीच वस्ती दाखवून ‘बघा, हे असेच राहतात’ म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आता चोरी. पर्यटकांच्या गर्दीत पाकीटमार असतात, त्यांत काही रोमाही असतात, आणि ज्याने चोरी केली त्याला पकडावं. पण स्वीडनमध्ये 2013 साली उघडकीला आलं, की तिथल्या दक्षिणेकडच्या पोलिसांनी चार हजारांहून जास्त रोमांची यादी करून ठेवली होती. तीत लहान मुलं होती, मेलेली माणसंही होती. निकष नात्यागोत्याचा. पुढे न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे पारधी, कैकाडी जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा इंग्रजांचा कायदा होता आणि तो 1952 मध्ये रद्द झाला, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. विमुक्तांच्या वाट्याला अजूनही काय येतं ते आपण बघतो. तरी हा मजकूर आपणच पुढे ढकलतो.

मुलं पळवण्याचा आरोप ऑक्टोबर 2013 मध्ये जगभर गाजला. ग्रीसमध्ये एका रोमा घरात सोनेरी केसांची मुलगी सापडली आणि ‘पळवलेली’ म्हणून तिचे फोटो सगळीकडे झळकले. डीएनए तपासणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातलं एक रोमा जोडपं निघालं. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन गोऱ्या रोमा मुलांना पोलिसांनी घरातून उचलून नेलं. दोन्ही मुलं त्याच आईबापांची ठरली. मुलं पळवल्याचा बोभाटा झाला रोमांचा, आणि प्रत्यक्षात मुलं उचलून नेली पोलिसांनी.

राहिले अब्जावधी युरो. 2014 ते 2020 या काळासाठी युरोपीय संघाने रोमांसारख्या वंचित समूहांसाठी म्हणून खास राखलेली रक्कम होती 150 कोटी युरो. संघात रोमा सुमारे 60 लाख. सगळा पैसा एकट्या रोमांना मिळाला असं धरलं, तरी माणशी वर्षाला 36 युरोसुद्धा होत नाहीत. त्यातला किती खरंच वस्तीपर्यंत पोचला हे तपासायला धड आकडेवारीच नाही, असं संघाच्याच लेखापरीक्षकांनी 2016 मध्ये नोंदवलं.

म्हणून मागणी पैशाइतकीच कायद्याच्या अंमलबजावणीची आहे. वंशभेदाला बंदी घालणारा संघाचा निर्देश 2000 सालचा आहे. शाळांतल्या वेगळ्या वर्गांवरून युरोपीय आयोगाने चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीवर एकापाठोपाठ कारवाई सुरू केली ती 2014 ते 2016 मध्ये, आणि स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचायला 2023 उजाडलं. या काळात पहिलीत गेलेलं मूल शाळा संपवायच्या वयाला आलं. जे सरकार वेगळे वर्ग चालू ठेवतं, त्याचा शाळांसाठीचा युरोपीय निधी रोखायला हवा, तोही पुढच्या अंदाजपत्रकाची वाट न बघता.