इथेनॉलची बंदी उठली. पण पेढे कशाचे वाटताय?

सकाळपासून गावच्या ग्रुपवर एकच पोस्टर फिरतंय. उसाचा फड, वर नेत्यांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ऊस उत्पादकांना नव्या सरकारची दिवाळी भेट'. काल, २९ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने आदेश काढला. १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षात कारखान्यांना उसाचा रस, पाक, बी हेवी मळी (थोडी साखर काढून उरलेली), सी हेवी मळी (सगळी साखर काढून उरलेली) या सगळ्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करता येणार. चांगलं झालं. व्हायलाच हवं होतं. पण भेट कसली? ऐन हंगामात आमच्या हातातून जे काढून घेतलं, तेच परत करताय.

७ डिसेंबर २०२३ विसरलात का सगळे? गाळप सुरू होऊन महिना झाला होता, तेल कंपन्यांशी करार झाले होते आणि दिल्लीतून आदेश आला, रसापासून आणि पाकापासून इथेनॉल बंद. आठवड्याभरात माघार घेऊन १७ लाख टन साखर होईल एवढ्याच उसाची इथेनॉलला मुभा दिली. त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातही बंद केली होती. लोकसभा तोंडावर होती, आणखी काय?

आमच्या आप्पांचा ऊस त्याच डिसेंबरात तुटून गेला. कायद्याने १४ दिवसांत बिल जमा व्हायला हवं. जानेवारी संपत आला तरी खात्यावर रुपया नाही. मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर कारखान्याच्या शेती ऑफिसात गेले. आप्पांनी काट्याच्या पावत्या रबर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणल्या होत्या. एकेक पावती उलगडून टेबलावर ठेवत होते, जणू ऊस घातलाय हेच सिद्ध करायचं होतं. क्लार्क बिचारा भला माणूस. म्हणाला, "ताई, पावत्या नकोत, सगळं नोंदीला आहे. डिस्टिलरीचं गणित फिसकटलं. साखर पडून आहे, पैसा नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इथेनॉल टँकरने गेलं की तेल कंपनीचे पैसे काही आठवड्यांत येतात. साखर मात्र महिन्याला किती विकायची याचा केंद्राचा कोटा. तोवर पोती गोदामात, माल बँकेकडे तारण आणि व्याज चालू. २०१८ मध्ये व्याजात सवलत देऊन इथेनॉलच्या डिस्टिलऱ्या उभारा म्हणून सांगणारं हेच केंद्र. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणणारंही हेच. लोकांनी विश्वास ठेवून कर्जं काढली. तोटी फिरवली की पाणी चालू, फिरवली की बंद, असा हा धंदा नाही हो.

हां, गेल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, ऑगस्ट कोरडा गेला होता, साखर कमी पडेल ही भीती अगदीच खोटी नव्हती. मान्य. मग हंगामाच्या आधी सांगायचं होतं! सप्टेंबरात सांगितलं असतं तर कारखान्यांनी करार त्या हिशेबाने केले असते आणि आप्पांना पिशवी घेऊन ऑफिसात बसावं लागलं नसतं.

आता नव्या सरकारबद्दल. पंतप्रधान तेच आहेत, पण अन्न खातं आता प्रल्हाद जोशींकडे आहे आणि मित्रपक्षांशिवाय बहुमत नाही. त्यामुळे ऐकून घेतील अशी मला खरंच आशा आहे. रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी हेवीचा ६० रुपये ७३ पैसे. २०२२-२३ पासून पैसाही वाढलेला नाही. तेवढ्याच काळात एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३०५ वरून २०२४-२५ साठी ३४० वर गेली. ती वाढलीच पाहिजे, त्यात एक रुपया कमी नको. पण ती द्यायची कशातून? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ वर अडकलाय. दोन्हीकडचे दर बांधलेले आणि मधे कारखाना. मग बिल थकतं कुणाचं? आप्पांचं.

मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१ रुपये ८६ पैसे. मका लावणारेही आपलेच शेतकरी आहेत, त्यांना मिळू दे, पोटात दुखायचं कारण नाही. कालच्या आदेशात धान्याच्या डिस्टिलऱ्यांना सरकारी धान्यसाठा सांभाळणाऱ्या अन्न महामंडळाचा २३ लाख टन तांदूळही घ्यायला परवानगी आहे. तो तांदूळही गेल्या वर्षी जुलैत असाच अचानक बंद झाला होता. म्हणजे फटका फक्त उसवाल्यांना बसला असंही नाही. नीती आयोगाचाच आराखडा सांगतो, २० टक्के मिश्रणाला हजार कोटी लिटरच्या वर इथेनॉल लागणार. ते ऊस आणि धान्य दोन्हींतून आल्याशिवाय जमायचं नाही. मग दोघांनाही असं टांगणीला का ठेवता?

लिहिताना आप्पांना फोन केला होता. पोस्टर त्यांनीही पाहिलंय. चिडले वगैरे नाहीत. "उठली ना बंदी, बरं झालं," एवढंच म्हणाले आणि आडसाली उसाचं, म्हणजे दीड वर्षाच्या पिकाचं, सांगायला लागले. जुलैत लावलाय, उगवण चांगली आहे, पाऊसही यंदा बरा. ऐकून माझाच राग उतरला. त्या ऑफिसातून परत येतानाही ते कारखान्याला एक वाईट शब्द बोलले नव्हते. "आपलाच आहे, बुडाला तर आपणच बुडू," म्हणाले होते.

पण बघा, हा आडसाली तुटणार २०२५ च्या शेवटी, नाहीतर २०२६ उजाडल्यावर. कालचा आदेश फक्त पुढच्या एका वर्षापुरता आहे. दीड वर्षाचं पीक घेणाऱ्याला एक वर्षाचं धोरण देऊन कसं चालेल? निदान पाच वर्षांचं लेखी धोरण द्या. एफआरपी वाढली की त्याच सूत्राने इथेनॉलचा आणि साखरेचा दर वाढेल असं त्यात बांधून द्या. साखर कमी पडेल असं वाटलं तर मर्यादा गाळपाआधी जाहीर करा आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत हात लावू नका. मत मागायला दारात येईल त्या प्रत्येकाला हेच विचारा.

आणि कमेंटमध्ये पक्ष आणू नका. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस घातलेल्यांनी फक्त तालुका आणि बिल कधी जमा झालं तेवढं लिहा. यादी करून आमच्या खासदारांना द्यायची आहे.