मॅग्नम, जेसिका आणि 'विरुद्ध' हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार.

मॅग्नम आणि जेसिका फ्लेचर या दोन अमेरिकी मालिकांतील शोधकांच्या एकत्रित कथेवरील माझ्या लेखाला आपण नांदेडहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवली. ती मी दोनदा वाचली आणि तरीही चार दिवस उत्तर लिहिले नाही, कारण तिच्यातील एका मुद्द्यावर माझे मत हलते आहे हे मला जाणवत होते आणि ते नेमके कुठे हलते हे पाहिल्याशिवाय लिहिणे बरे वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यामुळे दोन शोधकांना एका कथेत आणले की त्यांतल्या एकाला मंद ठरवावेच लागते, असे भाग वाहिन्या केवळ प्रेक्षक खेचण्यासाठी काढतात, त्या अमेरिकी भागाचा शेवट पुढे बदलला गेला, यावरूनच तो सांधा किती कच्चा होता हे दिसते, आणि अंबाजोगाईत बसून मी हवाई बेटांवरच्या कथेचे गुणगान करतो, पण आपल्याकडच्या 'सीआयडी विरुद्ध अदालत' या दोन मालिकांच्या एकत्रित कथेला मात्र 'वाहिनीचा व्यवहार' एवढे म्हणून निकालात काढतो, हा दुजाभाव आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये सांगतो. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'मॅग्नम, पी. आय.' ही मालिका 1980 ते 1988 या काळात आणि 'मर्डर, शी रोट' ही मालिका 1984 ते 1996 या काळात चालली, आणि या दोहोंची मिळून एक कथा 1986 च्या नोव्हेंबरात दाखवली गेली. तिचा पहिला भाग 'नॉव्हेल कनेक्शन' बुधवारी, 19 तारखेला मॅग्नमच्या मालिकेत आला आणि दुसरा भाग 'मॅग्नम ऑन आइस' त्याच आठवड्याच्या रविवारी, 23 तारखेला जेसिकाच्या मालिकेत आला.

व्यवहाराचा मुद्दा मी आधी आणि पूर्ण मान्य करतो. किंबहुना आपण म्हणता त्यापेक्षाही तो ठळक आहे. याच मॅग्नमची 'सायमन अँड सायमन' या गुप्तहेर भावांच्या मालिकेशी 7 ऑक्टोबर 1982 रोजी गाठ घालून दिली होती, दोन्ही भाग एकाच रात्री पाठोपाठ दाखवले होते, आणि तेव्हा मॅग्नमच्या लोकप्रियतेचा आधार त्या नव्या मालिकेला मिळावा हा हेतू उघड होता. पुढे 1984 मध्ये दुसऱ्या वाहिनीने गुरुवारी त्याच वेळेला 'द कॉस्बी शो' सुरू केला, मॅग्नमचे प्रेक्षक ओसरले, मालिकेला वार बदलावा लागला, आणि 1986 मध्ये रविवारची राणी असलेल्या जेसिकाचा आधार घेण्याची पाळी त्याच मॅग्नमवर आली. चार वर्षांपूर्वीचा सावकार ऋणको झाला. हे सगळे खरे असूनही मला असे वाटते की एखादी गोष्ट कशासाठी मागवली गेली यावरून ती कशी झाली हे ठरत नाही. जत्रेसाठी उभा राहिलेला फड व्यवहारासाठीच उभा राहतो, पण त्यात गायलेली लावणी चांगली की वाईट हे ती ऐकूनच सांगावे लागते.

आता दोन तलवारींकडे येतो, कारण खरा मतभेद इथे आहे.

जेसिका फ्लेचर ही मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक किनारी गावात राहणारी, शाळेत इंग्रजी शिकवलेली विधवा बाई आहे, आणि उतारवयात ती रहस्यकादंबऱ्यांची लेखिका झालेली आहे. थॉमस मॅग्नम हा नौदलाची नोकरी सोडलेला, व्हिएतनामचे युद्ध पाहिलेला माणूस ओआहू बेटावर रॉबिन मास्टर्स नावाच्या कादंबरीकाराच्या बंगल्याच्या आवारात राहतो. बंगल्याचा कारभारी हिगिन्स याच्याशी त्याची रोजची कुरबुर चालते, आणि हेलिकॉप्टर उडवणारा टी. सी. व क्लब चालवणारा रिक या जुन्या सोबत्यांच्या मदतीने तो तपास करतो. जेसिका एका जागी बसून, कोणी काय बोलले आणि कोणते बोलणे कशाशी जुळत नाही हे लक्षात ठेवते. मॅग्नम धावतो, चुकतो, अंगावर घेतो आणि अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवतो. आपण म्हणता तसे यांतल्या एकाला मंद ठरवणे लेखकांना सहज शक्य होते, आणि मॅग्नम साकारणाऱ्या टॉम सेलेकच्या धिप्पाड शरीराशेजारी जेसिका साकारणाऱ्या अँजेला लॅन्सबरीची बुद्धी उभी करून विनोद उकळणेही सोपे होते.

पण या कथेतला महत्त्वाचा फरक बुद्धीचा नसून निवेदनाचा आहे. मॅग्नमच्या मालिकेत कथा मॅग्नम स्वतः सांगतो. त्याच्या मनातला आवाज आपल्याला सतत ऐकू येत असतो, आणि ज्याचे मन आपण ऐकतो त्याच्यावर आपण संशय घेत नाही. 'मर्डर, शी रोट'ची रीत तशी नाही. तिथे सगळे जण बाहेरून दिसतात, आणि जे बाहेरून दिसतात ते सगळे संशयित असतात. आता कथेचा सांधा पाहा : मॅग्नमवर खुनाचा आरोप येतो, तो गजाआड जातो, आणि नेमक्या त्याच वळणावर कथा त्याच्या मालिकेतून उठून जेसिकाच्या मालिकेत जाते. म्हणजे त्याला निवेदकाच्या आवाजाची सर्वाधिक गरज असताना तो आवाजच काढून घेतला जातो. बुधवारी त्याच्याबरोबर हिंडलेल्या प्रेक्षकाला तो निर्दोष आहे हे ठाऊक आहे. केवळ रविवारची मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी तो तुरुंगातला एक अनोळखी, मिशीवाला माणूस आहे. त्याची सुटका करायची तर त्याचे मन न ऐकलेल्या कोणीतरी, केवळ बाहेरून मिळणाऱ्या पुराव्यावर ती करायला हवी, आणि ते काम जेसिका करते. यात मॅग्नम मंद ठरत नाही; आपल्या निर्दोषत्वाचा पुरावा आपण स्वतः होऊ शकत नाही, एवढेच ठरते.

मी वकिली करतो, म्हणून हे मला जास्त भिडले असेल. पक्षकार टेबलासमोर बसून जे सांगतो ते पुष्कळदा खरे असते, त्याच्या आवाजावरून ते कळतेही. पण तो आवाज न्यायालयात माझ्याबरोबर येत नाही. तिथे पंचनामा येतो, जबाब येतात, मुद्देमाल येतो, आणि त्यांतून जे उभे राहील तेवढाच माणूस न्यायाधीशांना दिसतो. बुधवार आणि रविवार यांच्यामधले ते अंतर मी रोज चालतो. एकाच मालिकेला, ती कितीही कसदार असली तरी, हे अंतर दाखवता आले नसते, कारण त्यासाठी दोन वेगळ्या रीतींची दोन घरे लागतात. आपली तलवारींची म्हण एका म्यानाबद्दल आहे, गुरुजी. इथे म्याने दोन होती आणि ती दोनच ठेवली गेली.

शेवट बदलल्याचा आपला मुद्दा बरोबर आहे, आणि तो मी मूळ लेखात सांगायला हवा होता. पुढे मॅग्नमची मालिका स्वतंत्रपणे पुनःप्रसारित करताना त्या भागाला दुसरा शेवट जोडला गेला, जेणेकरून कथा तिथेच मिटावी. आमच्या वकील कक्षातले एक ज्येष्ठ सहकारी मॅग्नमचे निस्सीम चाहते आहेत आणि त्यांना हाच शेवट पसंत आहे. आपल्या नायकाला दुसऱ्या कोणी सोडवायला यावे हे त्यांना रुचत नाही. परंतु यावरून सांधा कच्चा होता असे आपण म्हणता, तिथे मी थांबतो. शेवट बदलण्याचे कारण साधे होते : मॅग्नमचे भाग विकत घेणाऱ्या केंद्राकडे जेसिकाचे भाग असतीलच असे नाही, आणि प्रेक्षकाला अर्ध्यावर सोडता येत नाही. तो मिटवलेला भाग पाहिल्यावर जे हरवते तेच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. कथा पूर्ण होते, खुनी कळतो, पण मॅग्नमचा आवाज एकदाही थांबत नाही, आणि म्हणून त्याच्याबद्दल क्षणभरही धाकधूक वाटत नाही.

अर्धी कथा एका घरात आणि अर्धी दुसऱ्या घरात, हा अनुभव आपल्या भागातल्या माणसाला नवा नाही. अंबाजोगाईच्या टीव्ही टॉवरमुळे आमच्याकडे चित्र स्वच्छ यायचे, पण लाईटचा भरवसा नसायचा. दूरदर्शनवर 1993 मध्ये 'ब्योमकेश बक्षी' लागायचे तेव्हा आमच्या गल्लीत ऐन उलगड्याच्या वेळी लाईट गेली की दुसऱ्या दिवशी शाळेत पलीकडच्या गल्लीतल्या मुलांना गाठून शेवट विचारावा लागे, आणि दोन मुले दोन वेगळे शेवट सांगत, कारण दोघांनी दोन वेगळ्या माणसांवर लक्ष ठेवलेले असे. रहस्यकथेत कोण पाहतो यावर काय दिसते ते ठरते, हे मी प्रथम तिथे शिकलो.

आता आपल्या शेवटच्या आक्षेपाबद्दल. माझे मत हलले ते इथे.

'सीआयडी' सोनी वाहिनीवर 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली आणि 2018 पर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची जोडी तर आपल्या पिढीला त्याआधीपासून, दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेपासून परिचित आहे. 'अदालत' 2010 च्या नोव्हेंबरात आली, आणि तिच्यात रोनित रॉय यांनी के. डी. पाठक हा बचाव पक्षाचा वकील उभा केला. या दोन मालिकांचा महासंगम 2012 मध्ये झाला तेव्हा मी तो दोन लोकप्रिय चेहरे एका चौकटीत बसवण्याचा प्रकार समजलो, आणि लेखातले ते एका ओळीचे वाक्य त्याच समजुतीतून आले. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या शीर्षकातल्या 'विरुद्ध' या शब्दाकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

'सीआयडी'चा भाग कसा संपतो ते आपण सारे जाणतो. दया एक थप्पड लगावतो किंवा एसीपी प्रद्युम्न समोर उभे राहून पुरावा मांडतात, गुन्हेगार खाली मान घालून सगळे सांगून टाकतो, आणि त्याला फाशीची शिक्षा होणार असे जाहीर होऊन पडदा पडतो. दीड हजार भाग या कबुलीवर उभे आहेत, आणि आपल्या कायद्याप्रमाणे या कबुलीची किंमत शून्य आहे. त्या वेळी लागू असलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम 25 स्पष्ट सांगत होते की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम 23 मध्ये कायम आहे. पोलिसांच्या ताब्यातील आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार किंवा अन्य वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढाच भाग पुराव्यात येतो. उरलेले सगळे निवेदन, ते कितीही कळवळून दिलेले असो, बाहेर राहते. इंग्रज अमलात हा नियम केला गेला त्यामागे कोठडीत कबुली कशी मिळवली जाते याची पुरती जाण होती.

दुसरीकडे 'अदालत'मध्येही बहुतेक भाग कबुलीनेच संपतात, पण ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, उलटतपासणीत, न्यायाधीशांसमोर निघते. कथेत दोन्ही कबुल्या सारख्याच नाट्यमय आहेत आणि कायद्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून या दोन मालिका समोरासमोर आणणे म्हणजे, निर्मात्यांच्या मनात ते असो वा नसो, 'सीआयडी'च्या पडदा पडण्याच्या क्षणालाच प्रश्न विचारणे आहे : ज्याने सांगितले त्याने ते कोणासमोर आणि कशाच्या भीतीने सांगितले? जेसिकाने मॅग्नमला जे दिले, म्हणजे बाहेरची नजर, ती पाठक वकील प्रद्युम्न यांच्या तपासाला देऊ शकतो. इतकी मोठी शक्यता ज्या शीर्षकात होती त्याला मी 'वाहिनीचा व्यवहार' म्हणालो, हे चुकले. दुजाभाव होता, हे आपले म्हणणे मी स्वीकारतो.

तरीही दोहोंत मला अमेरिकी कथाच सरस वाटते, आणि त्याचे कारण परदेशी असण्याशी निगडित नाही. तिथे प्रत्येक मालिकेने आपले शीर्षक, आपला वार आणि आपली सांगण्याची रीत राखली आणि कथा एका हातातून दुसऱ्या हातात दिली. आपल्याकडे दोन्ही संच एकाच विशेष कार्यक्रमात आणले गेले, त्यामुळे दोन रीती शेजारी उभ्या राहिल्या तरी एकीच्या जागी दुसरी आली नाही. माझ्या मते 'विरुद्ध' या शब्दाला न्याय द्यायचा तर शनिवारचा भाग पूर्णपणे 'सीआयडी'चा असायला हवा होता, नेहमीच्या थपडेसह आणि नेहमीच्या कबुलीसह, आणि तीच कबुली रविवारी 'अदालत'मध्ये पुराव्यातून वगळली जायला हवी होती. मग प्रद्युम्न यांना नव्याने तपास करावा लागला असता, कोणाचेही डोके कमी न ठरता.

मूळ लेखातले ते वाक्य मी बदलले आहे आणि शेवट बदलल्याची माहितीही त्यात घातली आहे. आपण 'मॅग्नम ऑन आइस' अजून पाहिलेला नाही असे आपल्या प्रतिक्रियेवरून वाटते. आधी बुधवारचा भाग, तोही मूळ शेवटाचा, आणि मध्ये चार दिवस जाऊ देऊन मग रविवारचा, असा पाहावा ही विनंती. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला येणे होईल, तेव्हा आपले मत प्रत्यक्ष ऐकायला येईन.

आपला,
अंबाजोगाईकर वकील