‘भंगारातला डबा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

घरगुती फाइल आणि वेब सर्व्हरसाठी जुना थिन क्लायंट (कचेऱ्यांत मुख्य सर्व्हरला जोडून वापरतात तो छोटा, कमी ताकदीचा संगणक) पुरतो, या माझ्या लेखावर आपण पाच वाक्यांची प्रतिक्रिया दिली आहे आणि खाली नाव लिहिण्याचे टाळले आहे. ‘भंगारातला डबा सर्व्हर म्हणून खपवणे हा निव्वळ कंजूषपणा आहे. असल्या यंत्रात ईसीसी मेमरी नाही, रेड नाही. फायली गेल्यावर लेखक भरून देणार का? घरच्या जोडणीवर संकेतस्थळ बाहेरून उघडणारच नाही. वेगाचा आकडाही चुकला आहे.’ हा आशय नव्हे. हे आपलेच शब्द आहेत. (इतर वाचकांसाठी: ईसीसी म्हणजे स्वतःतील चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी, आणि रेड म्हणजे एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू राहावे म्हणून अनेक डिस्का एकत्र जोडण्याची पद्धत.)

आधी आकड्याचे. घरच्या नेटवर्कच्या गिगाबिट तारेतून सेकंदाला १२५ मेगाबाइट जातात असे मी लिहिले होते. ती गणिती कमाल मर्यादा असून फायली उतरवताना प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. चूक मान्य आहे, दुरुस्ती केली आहे आणि आपले आभारही मानतो. तेवढेच सभ्य शब्दांत लिहिले असते, तर हे उत्तर येथेच संपले असते.

परंतु ‘कंजूषपणा’ हा शब्द मी सोडून देणार नाही. डबा मी मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून आणला आणि त्याआधी तो कुठल्याशा कचेरीत काही वर्षे राबला होता, हे मी लेखात लपवलेले नाही. कंजूषच असतो तर माळ्यावर पडलेला माझा जुना डेस्कटॉप, जो फुकट होता, तोच चालू ठेवला असता. प्लगला मीटर लावून पाहिले तेव्हा तो डेस्कटॉप काहीही न करता ६२ वॉट खात होता. थिन क्लायंट मात्र बाहेरच्या अडीच इंची डिस्कसह १२ वॉटवर भागवतो. फरक ५० वॉटचा. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, म्हणजे हा फरक वर्षाला ४३८ युनिटांचा झाला. महावितरणचे बिल आपण स्वतः भरत असाल, तर पुढचा गुणाकार आपणच करावा.

शिवाय या डब्याला पंखा नाही. ऐरोलीत खाडीच्या बाजूला उघडणाऱ्या खिडकीजवळ ज्याने पावसाळ्यानंतर डेस्कटॉपच्या पंख्यावरची चिकट, ओलसर धूळ ब्रशने खरवडली आहे, त्याला या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. आणि काम तरी किती? घरातील चौघांची छायाचित्रे सांबा या फायली वाटून देणाऱ्या प्रणालीमार्फत साठवणे आणि आजोळच्या गावाची साधी स्थिर पाने एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रणालीमार्फत दाखवणे. यात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसतो. अडते ते तारेपाशी किंवा डिस्कपाशी. त्यामुळे चौपट ताकदीचा प्रोसेसर आणला, तरी तोही त्याच तारेची वाट पाहत बसेल. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करायची असेल, तर प्रोसेसरमध्ये एईएस या कूटलेखन पद्धतीची अंगभूत सोय आहे का ते आधी तपासावे, हेही मी लिहिले होते. आपण तेथपर्यंत वाचले नसावे.

राहिला रेडचा प्रश्न. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्याच्या संगणक विभागात मी बावीस वर्षे काढली आहेत, तेव्हा रेड म्हणजे काय हे मला शिकवण्याची घाई कोणी करू नये. २६ जुलै २००५ रोजी आमच्या तळमजल्यावरील सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरले. रेडमधील सगळ्या डिस्का एकाच कपाटात होत्या आणि एकाच पाण्यात गेल्या. त्या सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरीही होती, तीही भिजली. वाचली ती दुसऱ्या मजल्यावर हिशेब विभागाच्या कपाटात एका सहकाऱ्याने ठेवलेली नकलेची टेप, आणि ती तेथे ठेवल्याबद्दल त्याआधी त्याला बोलणी खावी लागली होती! रेड एखादी डिस्क मेली तर काम थांबू देत नाही, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कांवरून एकाच वेळी पुसते. माझ्या घरी दररोज रात्री दुसऱ्या डिस्कवर नक्कल होते, आणि तिसरी डिस्क नौपाड्यात बहिणीकडे असते, जी मी महिन्यातून एकदा बदलून आणतो. आपण ज्याला कंजूषपणा म्हणता, त्यात तीन डिस्कांचे पैसे गेले आहेत.

ईसीसी असलेली बरी, याबद्दल वाद नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावी. जोडणीचा आक्षेप तर यंत्राविषयीचा नाहीच. सेवा पुरवठादाराने अनेक ग्राहकांना इंटरनेटवरील एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले असेल, तर आपला लाखाचा सर्व्हरही बाहेरून माझ्या डब्याइतकाच अदृश्य राहील.

फायली गेल्यावर मी भरून देणार नाही. मात्र याहून सरस यंत्र आपल्याकडे असेल, तर त्याचे मॉडेल, मीटरवर मोजलेले वॉट आणि नक्कल परत उतरवून पाहिल्याची शेवटची तारीख अवश्य कळवावी. प्रतिक्रियेची चौकट खालीच आहे, आणि नावाचा रकानाही तिच्यातच आहे.