‘आपल्याकडं कुठलाही तंबू चालतो’ म्हणे!

सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचं सार असं: मराठवाडा कोरडा, तेव्हा महागाच्या तंबूची गरज नाही. एकपदरी, आपोआप उघडणारा घ्या. काळ्या मऊ जमिनीवर लावा, पाठ दुखत नाही. सावलीला झाड आणि गारव्याला पाण्याचा काठ धरा. थंडीत चेनी लावून आत शेगडी ठेवा. शेवटी नवा तंबू आधी घरी लावून बघायला सांगितलंय. तेवढं सोडलं तर बाकी सगळं खोडून काढण्याजोगं आहे.

आधी कोरडेपणा. आठ जिल्ह्यांची पावसाळ्याची सरासरी 680 मिमीच्या आसपास आहे, हे खरं. पण तंबूवर सरासरी पडत नाही, त्या रात्रीचा पाऊस पडतो. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव-बीडकडच्या गावांत पाणी शिरलं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं हाताशी आलेली रब्बी झोडपली. म्हणजे पावसाळा टाळून निघालात तरी अवकाळी आणि वळीव आहेतच. तंबूवर 1500, 3000 असे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात. पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर कापड झिरपायला लागतं, ते त्यातून कळतं. छताला 1500 च्या खाली जाऊ नका. तळावर गुडघे-कोपरं टेकतात, दाब वाढतो, तिथं 3000 तरी हवेत. आणि आकड्याच्या आधी शिवणी तपासा. आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर भारीतलं कापडसुद्धा सुईच्या भोकांतून गळतं. एकपदरी तंबूला तर पावसाचीही गरज लागत नाही. रात्री श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर टपकते. आत जाळीची खोली, वर वेगळं छत आणि दोन्हींच्या मधे खेळती हवा, असाच घ्यावा. ‘चार माणसांचा’ लिहिलं असेल तर सामानासह तिघं समजा.

आता त्या मऊ काळ्या जमिनीबद्दल. हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं वावर बघितलेलं नसावं. आपली काळी माती सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेजवळची खुंटी नुसती लोंबकळते आणि ढेकळात ठोकली तर ढेकूळच फुटतं. पाऊस झाला की तीच माती फुगून लोण्यासारखी होते, मग तंबूसोबत येणाऱ्या सळईच्या बारीक खुंट्या वाऱ्याच्या एका हिसक्यात बाहेर. शिवाय पाणी मुरत नाही, साचून राहतं. सकाळी चिखल चपलेला, चपला तंबूत, आणि तंबूची घडी करायची सोय नाही. म्हणून मुरमाड माळ शोधा, जरासा उताराचा. मुरमात सळई वाकते, तिथं जाड पोलादी खुंटी आणि हातोडी लागते. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवून ठोकायची, म्हणजे दोरी तिला उपटत नाही, मातीत रोवून धरते. काळ्या मातीतच राहायची वेळ आली तर लांब, रुंद पात्याच्या खुंट्या न्या. नाहीतर रिकाम्या पिशवीत माती भरा, मधोमध दोरी बांधा आणि पिशवी वीतभर खोल पुरा. डोंगराकडं कातळ उघडा असतो, तिथं खुंटी जातच नाही. दोरी दगडाला बांधायची आणि त्यावर आणखी मोठा दगड रचायचा.

आपोआप उघडणाऱ्या तंबूचं इतकंच, की खुंट्या-दोऱ्या त्यालाही लागतात. नुसता पडून राहिला तर वावटळीला तेवढंच पुरे.

झाडाची सावली दिवसा घ्या, रात्रीचा तंबू मात्र झाडाखाली नको. वळवाच्या दिवसांत वीज पडून आपल्याकडं दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात, त्यांतली कितीतरी झाडाच्या आडोशाला थांबलेली असतात. तंबूचं कापड किंवा काठ्या विजेपासून वाचवत नाहीत. गडगडाट ऐकू आला की तंबू तिथंच टाकून पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या छताच्या बंद गाडीत जायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, निघण्याआधी फोनवर घेऊन ठेवा.

काठाचा सल्ला मात्र सगळ्यांत फसवा. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पसरट आणि उथळ आहे. पातळी थोडी चढली तरी सपाट काठावर पाणी लांबवर पसरतं. आणि ते आपल्या पावसाचंच असतं असं नाही. नाशिककडं जोर झाला, दारणा-गंगापूर धरणांमधून विसर्ग सुटला, की गोदावरी नांदूर मधमेश्वरवरून ते इकडं आणते. पैठणला आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं. धरणाच्या खालच्या अंगाला तर दारं उघडली की नदीपात्रात थांबायचा प्रश्नच नाही. त्यात नाथसागर हे पक्षी अभयारण्य, गौताळाही अभयारण्य. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम ठोकता येत नाही. काठापासून लांब आणि चांगल्या उंचीवर राहा. ओल कमी, डासही कमी.

शेगडीबद्दल चर्चाच नको. कोळसा असो की गॅस, बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला कळतही नाही. परभणीत थंडी कडाक्याची पडते, मान्य. पण अंगातली ऊब खालची जमीन ओढून घेते, तेव्हा आधी अंगाखाली जाड चटई किंवा फोमची गादी घाला, मग अंगावर गोधडी. वरची झडप रात्रभर उघडी ठेवा.

राहिला तो घरी लावून बघायचा सल्ला. तो जरूर पाळा. गच्चीवर उभा करून वरून बादलीभर पाणी ओता, शिवणी कुठं गळतात ते लगेच दिसेल. पण स्लॅबवर खुंट्या ठोकता येत नाहीत. त्या तालमीसाठी कुणाचं तरी पेरणीआधीचं वावर, त्याला विचारून.